कुर्ल्याची फियाट, बीडचा रस्ता

प्रीमियर पद्मिनी ही इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची भारतात बनलेली आवृत्ती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून २००० च्या सुमारापर्यंत बाहेर पडत राहिली. आरसी बुकावर तिचे नाव आधी फियाट ११०० डिलाइट, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी असे बदलत गेले. बोलण्यात ती कायम फियाटच राहिली. महाराष्ट्रात एखादी जुनी युरोपीय गाडी रोजच्या कामाला वापरायची म्हटले, तर परवडणारा आणि दुरुस्त होणारा पर्याय बहुतेक हाच. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आणि बेंटले वर्षातून एकदा रॅलीला निघतात, फोटो काढून घेतात आणि पुन्हा कापडाखाली जातात. फियाटच्या डिकीतून मात्र गॅसचे सिलिंडर, ज्वारीची पोती आणि लग्नातली आहेराची भांडी गेलेली असतात.

गाडीचा साचा १९५३ चा, पण इंजिन तिच्याहूनही जुने. त्या वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने १०३ या अंतर्गत क्रमांकाची नवी ११०० मांडली. दान्ते जियाकोसा हे तिचे अभियंते. इंजिन घेतले ते १९३७ च्या मॉडेलमधले : चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे, एकूण १०८९ सीसी. हेच माप पद्मिनीपर्यंत आले. भारतीय गाडीत ते साधारण ४० अश्वशक्ती देते. चाकणला बनणारी केटीएम ३९० मोटारसायकल आज याहून जास्त देते, आणि फियाटचे स्वतःचे वजनच ८९५ किलो. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्यात ती त्यानंतर तीस वर्षे बनत राहिली. म्हणजे हिटलरच्या युद्धाआधी आखलेले इंजिन महाराष्ट्रात इंटरनेट आले तरी नवे कोरे मिळत होते. याला चिवटपणा म्हणावा की परवाना राज्याची कृपा, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी उभी केली. सुरुवात अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या साहाय्याने झाली. १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्यांची जुळणी होऊ लागली. त्यानंतर फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने नुसती जुळणी करणाऱ्यांना देशातून जायला भाग पाडणारी शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. सुटे भाग इथेच बनवण्याची तयारी दाखवणाऱ्या मोजक्या कंपन्या उरल्या, त्यांत प्रीमियर होती. वालचंद त्याच वर्षी वारले. पुढे कंपनीची धुरा विनोद दोशी यांच्याकडे आली. मराठी नाट्यरसिकांना हे नाव मोटारीपेक्षा पुण्याच्या नाट्यमहोत्सवामुळे जास्त परिचित आहे.

कुर्ल्याच्या पहिल्या ११०० चे नाक पुढे आलेले, गुबगुबीत होते. मुंबईने तिला लगेच ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात चालते. डुकराची आणखी एक खूण म्हणजे पुढची दारे. त्यांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर, त्यामुळे दार पुढच्या बाजूने उघडते. साडी नेसलेल्या बाईला आत बसायला ते सोयीचे. पण चालत्या गाडीत कडी निसटली, तर वारा ते दार बंद करत नाही, उघडून टाकतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना १९६४ मध्ये त्यांच्या घरी आलेली गाडीही फियाटच. किंमत १२,००० रुपये, त्यांपैकी ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज. कुर्ल्याचा कारखाना ज्या रस्त्याला लागून होता, त्याला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हेच नाव मिळाले. सत्तर-ऐंशीच्या दशकात फियाटसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि त्या रांगेचे महत्त्व हळूहळू संपले.

बीड जिल्ह्याशी मोटारीचे नाते वेगळ्या कारणाने घट्ट आहे. परळी वैजनाथला रेल्वे जुनी, पण जिल्ह्याच्या मुख्य गावात, बीड शहरात, प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या दिशेने. तोवर बीडकराला दवाखाना, कोर्ट, कॉलेज, मुंबई-पुणे, सगळे रस्त्यानेच. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली, तेव्हा तिच्या ताफ्यातल्या अल्बियन गाड्या स्कॉटलंडच्या होत्या. युरोपची यंत्रे मराठवाड्याला परकी कधीच नव्हती. फक्त त्यांना युरोपीय म्हणायचे असते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. ‘टेम्पो’ हा आज मराठीतला सामान्य शब्द. तो हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याचे नाव आहे. नगरच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये त्यांच्याशी करार करून हॅन्सीट ही तीनचाकी इथे आणली. तिच्यामागून आलेला मॅटाडोरही तिथलाच. आणि गावोगाव माणसे कोंबून धावणारी ॲपे ही इटलीच्या पियाजिओची, बारामतीत बनणारी. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी, ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. केजच्या स्टँडवर ॲपेवाल्याला हे सांगितले तर तो आवाज ऐकून मान्य करील.

या सगळ्यांत फियाट ही घरची गाडी. ॲम्बेसेडर हीसुद्धा युरोपीयच, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची उत्तरपाड्याला बनलेली बहीण. पण मराठवाड्यात तिच्यावर लाल दिवा आणि पुढाऱ्याची पांढरी खादी इतकी बसली की ती सरकारी वाटू लागली. फियाट डॉक्टर, वकील आणि आडतदुकानदारांची. लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर. ही रुंदी आल्टोपेक्षाही कमी, त्यामुळे जुन्या पेठेच्या बोळातून ती सहज निघते.

चालवणाऱ्याला पहिला धक्का गिअरचा बसतो. जुन्या फियाटचा गिअर जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला दांड्यावर असतो. चार गिअर, आणि एरवी जमिनीवर आडवा पसरलेला नकाशा इथे भिंतीवर टांगल्यासारखा उभा. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि बुश यांची साखळी जाते. बुश झिजले की गिअर ‘सापडत’ नाही. दुसरा टाकायला जावे तर दांडा मधेच लोंबतो. मुरलेला चालक त्याला हिसका देत नाही, मनगटाने किंचित स्वतःकडे ओढून वाट पाहतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही नाही. गाडी चालत असताना पहिला टाकायचा, तर क्लच दोनदा दाबून मधे ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, नाहीतर दात करकरतात. या गैरसोयीच्या बदल्यात पुढे सलग बाक मिळतो. तिघे बसतात, आणि मधल्याच्या गुडघ्याशी गिअर लागत नाही. नंतरच्या काही गाड्यांना जमिनीवरचा गिअर आला. तो सोपा आहे, पण जुन्या शौकिनांच्या लेखी ती गाडी निम्मी उतरली.

पुढच्या दारांना तिकोनी काच असते. ती फिरवून उलटी केली की वारा थेट छातीवर येतो. वातानुकूलन नसलेल्या गाडीत एप्रिल-मेमध्ये बीडच्या चाळीसच्या वरच्या उन्हात हीच काय ती चैन. वारा गरम असतो, पण घाम वाळवतो. सकाळी गाडी चालू करण्याचाही एक क्रम आहे. चोकचा खुंटा बाहेर ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग स्टार्टर. इंजिनाने पकडले की चोक एकदम आत ढकलायचा नाही. मिनिटभर अर्ध्यावर ठेवून मग हळूहळू आत. चोक आत गेला की नाही हे विसरले, तर गाडी दिवसभर काळा धूर सोडते आणि पेट्रोल पिते. पेट्रोलचा वास येणे नेहमीचे, पण तो बंद गाडीतूनही येत असेल तर कार्ब्युरेटरमधले फ्लोटचे भांडे भरून सांडते आहे असे समजावे आणि काडी ओढू नये.

बीडहून अंबाजोगाईला निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटच्या रांगेवर चढणारा हा रस्ता आता चौपदरी आणि सोपा झाला आहे, पण फियाटच्या पंख्याला ते माहीत नाही. तो पट्ट्यावर इंजिनाच्याच वेगाने फिरतो. चढाला गाडीचा वेग कमी, इंजिनावर ताण जास्त, आणि पाठीमागून वारा असला तर रेडिएटरला हवाच मिळत नाही. सुई वर जाऊ लागली की वरच्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा खालचा गिअर टाकून इंजिन मोकळे फिरू देणे बरे. पाणी उकळले तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन लगेच बंद न करता बॉनेट उघडून मंद चालू ठेवावे, आणि रेडिएटरचे झाकण हाताला गार लागेपर्यंत उघडू नये. उकळत्या पाण्याने चेहरे भाजल्याचे किस्से प्रत्येक जुन्या गॅरेजात ऐकायला मिळतात.

खरी गंमत घाटात होत नाही, घाट संपल्यावर होते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहासाठी थांबायची प्रथा आहे. गाडी घाट नीट चढून येते, इंजिन बंद होते, पंखा थांबतो, आणि चहाच्या पंधरा मिनिटांत इंजिनाची सगळी उष्णता वर येऊन पेट्रोलच्या पंपाला आणि नळीला वेढते. हा पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला, कॅमच्या रेट्याने चालणारा. मिस्त्री त्याला अजूनही ‘एसी पंप’ म्हणतात. गारव्याशी त्याचा काही संबंध नाही; एसी ही अल्बर्ट चॅम्पियन या स्पार्क प्लगवाल्याची आद्याक्षरे. पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की पडद्याला ओढायला द्रव उरत नाही. स्टार्टर फिरत राहतो, गाडी घेत नाही, आणि बॅटरी संपते. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे : सुती फडके पाण्यात भिजवून पंपाभोवती आणि नळीभोवती गुंडाळायचे, वरून पुन्हा पाणी सोडायचे आणि दहा मिनिटे गप्प बसायचे. हा उपाय मुंबईपेक्षा बीडला जास्त लवकर लागू पडतो, कारण इथली हवा कोरडी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पंपही. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि जुन्या धोतराचा तुकडा ठेवणे हा फियाटचा विमा आहे. बरेच जण आता पंप काढून टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवतात. त्याने कटकट जवळजवळ संपते.

उतारावरची शिस्त ब्रेकमुळे. चारही चाकांना ड्रम, पेडलला मदत करणारा बूस्टर नाही. धारूरच्या अरुंद घाटातून उतरताना पाय ब्रेकवर ठेवून येणारा चालक खाली पोचेपर्यंत ड्रम तापवून ठेवतो आणि मग पेडल खोल जाते. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, ही ट्रकवाल्यांची रीत इथे जशीच्या तशी लागू आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात. पुढचे शंभरभर मीटर ब्रेक हलके दाबत जाऊन ते वाळवावे लागतात. एका बाजूचा सिलिंडर चिकटला असेल तर ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. स्टिअरिंगलाही थोडा पोकळ फेर असतोच. त्यामुळे फियाटवाला नकळत पुढचे अंतर जास्त राखतो, आणि एकूण जुनी गाडी चालवणारे सावध का असतात याचे उत्तर त्यांच्या स्वभावात कमी आणि ब्रेकमध्ये जास्त सापडते.

रात्रीचा प्रश्न दिव्याचा. जुन्या गाडीत अल्टरनेटर नसून डायनामो असतो, आणि डायनामो मंद इंजिनावर पुरेसा चार्ज देत नाही. गाडी चौकात उभी राहिली की हेडलाइट पिवळे पडतात, वायपर थकतो. ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा उजेड. एरवी हे मजेशीर आहे. पण ऊस हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, बीड-माजलगाव-गेवराईच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, मागे दिवा नाही आणि पुढे लाउडस्पीकरवर गाणी, असे चालत असतात. त्या काळात पिवळ्या दिव्यांनी रात्रीचा प्रवास करणे हा निव्वळ आडमुठेपणा. मारुतीचा अल्टरनेटर फियाटला बसतो, तो बसवावा आणि हेडलाइटला वेगळे रिले द्यावेत. मूळपणाचा आग्रह इथे चुलीत घालण्यास हरकत नाही.

फियाट वापराने खराब होते त्याहून जास्त उभी राहून खराब होते. चार महिने अंगणात उभी असलेली गाडी पाहिली की ते समजते. ब्रेकचे सिलिंडर गंजून चिकटतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला धरून बसते, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा गोंद जमतो, टायर एका जागी चपटे होतात, आणि वायरिंगवर उंदरांचा संसार सुरू होतो. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत यातले काहीच होत नाही. म्हणून ‘जपून’ ठेवलेली फियाट विकत घेणारा बहुधा फसतो, आणि रंग उडालेली पण रोज दूध आणायला जाणारी फियाट घेणारा सुखी राहतो. हवेचाही हिशेब आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला जातो : दाराखालची पट्टी, पायाखालची फरशी, डिकीचा तळ. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण रबर मरते. खिडक्यांच्या पट्ट्या तडकतात, होजपाइप कडक होतात, सीटचे रेक्झिन फाटते. पत्र्याच्या कामापेक्षा रबराचे काम कितीतरी स्वस्त, तेव्हा बीडची फियाट मुंबईच्या फियाटपेक्षा घेण्याजोगी.

रबराला आता नवा शत्रू मिळाला आहे. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले, आणि इथेनॉल हे जुन्या रबराला व पंपाच्या पडद्याला फुगवते, मऊ करते. ते हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि गंज. शिवाय त्याला जाळायला हवा कमी लागते. जुन्या जेटने मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि चढाला दम टाकते. उपाय अवघड नाहीत. पडदा आणि होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे, जेट एका मापाने मोठा करणे, टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवून त्यात तळाशी पाणी दिसते का हे पाहत राहणे. पण या इथेनॉलची वाट कुठून येते ते पाहण्यासारखे आहे. त्याचा काही भाग उसातून येतो, आणि महाराष्ट्राचा ऊस तोडायला दर दिवाळीनंतर कोयता घेऊन जाणाऱ्यांत बीड जिल्ह्याची लाखो माणसे असतात. कुर्ल्याचा कारखाना काढणाऱ्या वालचंदांनी रावळगाव आणि वालचंदनगरला साखरही बनवली होती. त्यांच्या एका उद्योगातले पीक दुसऱ्या उद्योगाच्या नळ्या खाते, एवढाच याचा अर्थ.

सुट्या भागांचा प्रश्न २०२३ नंतर बदलला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे फियाटचे भाग बनत आणि फिरत राहत होते. टॅक्सीला वयाची अट वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. भंगारात निघणाऱ्या टॅक्स्यांमधून मिळणारे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दारे आणि काचा यांचा ओघ त्यामुळे आटला. दुसरीकडे शौकिनांची मागणी वाढली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत अजूनही वस्तू मिळतात, पण ‘टॅक्सीच्या भावात’ मिळत नाहीत. इंजिनाचे भाग तुलनेने सोपे : ब्लॉक लेथवर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात, बुश आणि बेअरिंग करून घेता येतात. हेडलाइटची कडी, पुढची जाळी, दाराच्या मुठी आणि अखंड काच हे खरे दुर्मीळ. गाडी घेताना या वस्तू जागेवर असतील, तर रंगाकडे दुर्लक्ष करावे.

मिस्त्रीचा प्रश्न भागांपेक्षा नाजूक आहे. फियाटचे टायमिंग कानाने लावणारे, पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर हवी आणि गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर भागवता येते हे जाणणारे कारागीर आता साठीच्या पुढचे. नव्या गॅरेजात गाडी आली की आधी स्कॅनर जोडायची जागा शोधली जाते. त्यात त्या पोरांचा दोष नाही. पण फियाटमध्ये गाडीधन्याने स्वतः शिकण्याजोगे बरेच आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रोज गाडी वापरायची तर ते शिकलेच पाहिजे. प्लग काढून पुसणे, पॉइंट घासणे, फॅनबेल्ट बदलणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकणे. दहा आणि तेरा नंबरचे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जादा कंडेन्सर, जादा बेल्ट आणि पंपाचा एक पडदा. एवढ्या सामानावर रस्त्यात बंद पडलेल्या दहापैकी आठ-नऊ फियाट घरी येतात.

महाराष्ट्रातल्या इतर जुन्या युरोपीय गाड्यांची स्थिती याच मोजपट्टीने पाहावी. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड दिसायला सुंदर. तिचे पुढचे मडगार्ड आणि बॉनेट एकत्र पुढे उलटतात आणि इंजिन सगळ्या बाजूंनी मोकळे होते. पण तिचे उत्पादन १९७१ च्या सुमारास संपले आणि भागांसाठी परदेशाकडे पाहावे लागते. प्रीमियरचीच ११८ एनई ही फियाट १२४ च्या अंगात निसानचे इंजिन घातलेली गाडी, १९८५ ची. चालायला पद्मिनीहून खूप चांगली, जतन करायला तेवढी सोपी नाही. आणि नव्वदीत डोंबिवली-कल्याणकडे बनलेली प्यूजो ३०९ तर कंपनीचा डाव मोडल्यावर मालकांना वाऱ्यावर सोडून गेली. नियम असा दिसतो की गाडी जितकी नवी आणि जितकी थोडी विकलेली, तितकी ती खेड्यात टिकवणे कठीण. बीडपासून सव्वाशे किलोमीटरवर शेंद्र्याला २००१ पासून चेक कंपनीच्या स्कोडा बनतात. पण पंचवीस वर्षांची ऑक्टाव्हिया वायरिंगच्या बिघाडाने नेकनूरला बंद पडली, तर ओल्या फडक्याने चालू होणार नाही.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी प्रत्यक्ष परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते. जिल्ह्यात बीडला एमएच २३ आणि अंबाजोगाईला एमएच ४४ अशी दोन कार्यालये. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील हलक्या मोटारीला ते १०,००० रुपये केले गेले. पर्यावरण कर वेगळा. धुराच्या तपासणीत या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, आणि कार्ब्युरेटर नीट असेल तर फियाट त्यात सहज बसते.

पन्नास वर्षांच्या गाडीसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मान मोठा, पण अट अशी की ती गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे जी गाडी वापरामुळेच जिवंत राहते, तिला मान देण्याची किंमत म्हणून वापर बंद. रोज गाडी चालवणाऱ्याने या पाटीच्या मोहात न पडता साधे पाच वर्षांचे नूतनीकरण करत राहणे शहाणपणाचे. मारुतीचा अल्टरनेटर आणि विजेचा पंप असलेल्या गाडीच्या मूळपणाबद्दल तिथे प्रश्न निघालाच असता.

घेताना एक गोष्ट पैसे देण्याआधी करावी. चासी क्रमांकाच्या जागेवरचा रंग आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसावे, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा आरसी बुकातल्या आकड्याशी एकेक करून ताडून पाहावा; इंजिन क्रमांकाचेही तसेच. जुन्या फियाटची इंजिने टॅक्सीवाल्यांनी सर्रास अदलाबदल केलेली आहेत. कागदावर न चढवलेले इंजिन असेल, तर आधीच्या मालकाकडून ते चढवून घेऊनच व्यवहार करावा. नंतर तो फोन उचलत नाही.